काजूचा डोंगर आणि भोवतालचं रान: बदलत्या हवेत वर्षभर काय करावं

मार्च २०२३ मध्ये गोव्यातल्या म्हादई अभयारण्याचे डोंगर पेटले, तेव्हा नौदलाची हेलिकॉप्टरं पाण्याच्या बादल्या लटकवून आमच्या डोक्यावरून जात होती. काजूचा ऐन हंगाम, आणि माणसं बोंडू गोळा करायचं सोडून अंगणात उभी राहून धूर बघत होती. पुढे कितीतरी दिवस चर्चा एकच: आग लावली कुणी? प्रश्न खोटा नव्हता, पण मला दुसराच छळत होता. आग लागणं आमच्या सत्तरी तालुक्याला नवं नाही, मग या वेळी ती इतकी धावली का?

त्या वर्षीचा फेब्रुवारी देशात शंभर वर्षांत सर्वांत तापलेला होता. पाला वेळेआधी कुरकुरीत झाला होता. आणि डोंगर तर आपणच पेटायला सोयीचे करून ठेवले होते.

हिमालयातल्या चीडच्या जंगलांना दर उन्हाळ्यात आग लागते. चीडच्या सुया, ज्यांना तिकडे पिरूल म्हणतात, त्यांचा थर उतारावर साचतो. एकच जात, सुका पाला, चढण आणि लांबलेला उन्हाळा, एवढं पुरतं. आपल्याकडे सूचिपर्णी झाडं नाहीत. (किनाऱ्यावरचा सुरू दिसतो तसा, पण तो त्या कुळातला नव्हे.) पण आपला काजूचा डोंगर बघा: एकच जात, बहुतेक झाडं एकाच वयाची, खाली जाड पाल्याचा थर, मध्ये रानमोडीचं तण वाळून उभं. चीडवनाचीच गत, फक्त पानं रुंद.

हे लिहितोय ते सत्तरी, सांगे, धारबांदोडा, काणकोण इकडे उतारावर दोन-चार हेक्टर काजू आणि कडेला थोडं रान असलेल्यांसाठी. कामं महिन्यांच्या क्रमाने नाहीत, ज्या क्रमाने हाती घ्यावीत त्या क्रमाने आहेत.

आधी मोजा

एप्रिल अखेरीस डोंगर सगळ्यात उघडा असतो. पानगळ झालेली, गवत वाळलेलं, दगड दिसतात. तेव्हाच चालायचं, सकाळी.

सोबत एक दोरी घ्या, ५ मीटर ६४ सेंटिमीटरची. आकडा विचित्र वाटेल, पण तेवढ्या त्रिज्येचं वर्तुळ बरोबर १०० चौरस मीटर भरतं, म्हणजे हेक्टरचा शंभरावा भाग. मध्ये खुंटी ठोकायची, दोरी ताणून फिरायचं. उतारावर दोरी जमिनीला लावून धरू नका, आडवी, पातळीत धरा, नाहीतर वर्तुळ लहान होतं. आत आलेली झाडं जातीनुसार मोजायची आणि छातीच्या उंचीवर, १.३७ मीटरवर, घेर मापायचा. गुडघ्याखालची रोपंही मोजायची. लोक नेमकं हेच सोडतात.

एका वर्तुळावर विश्वास ठेवू नका. माथा, मधला उतार आणि घळ धरून आठ-दहा तरी घ्या. आमच्या डोंगरावर दहा वर्तुळांत मिळून ४३ काजू, ३ किंदळ आणि १ कुंभा निघाला. सरासरी शंभराने गुणली की हेक्टरी ४३० काजू. सात बाय सात मीटरच्या शिफारशीने २०४ झाडं बसतात, म्हणजे आम्ही दुपटीहून जास्त कोंबली होती. आजोबांनी बी टोचून लावलेली बाग, विरळणी कुणी केलीच नाही. पण मला खरा धक्का बसला तो गुडघ्याखालच्या रांगेत. तिथे शून्य होतं. दरवर्षी साफ करून करून डोंगराला नवी पिढीच उरली नव्हती. आहेत ती झाडं म्हातारी झाली की पुढे कोण, याचं उत्तर जमिनीत नव्हतं.

त्याच फेरीत तीन गोष्टी कागदावर काढा: पाणी कुठे झिरपतं आणि झर कोणत्या महिन्यात आटते; शेजाऱ्याची हद्द, पायवाट आणि रस्ता कुठून जातो; उतार कुठे इतका तीव्र आहे की उभं राहताना हात टेकावा लागतो. या तिसऱ्या जागेला कुदळ लावायची नाही. कारण पुढे येईल.

कागदाचं काम

कंटाळवाणं आहे, पण कुऱ्हाड उचलण्याआधीचं. स्वतःच्या जमिनीतल्या झाडालाही १९८४ चा वृक्ष संरक्षण कायदा लागू होतो. तोडीसाठी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी घ्यावी लागते, आणि परवानगीबरोबर नवी झाडं लावण्याची अटही येऊ शकते. शिवाय सलग ५ हेक्टर, वनजातींची झाडं ७५ टक्क्यांवर आणि छत्राची घनता ०.४ (म्हणजे ४० टक्के जमीन फांद्यांच्या छायेत) किंवा जास्त, या निकषांत बसणारी जमीन खाजगी वन ठरते, तिथले नियम वेगळे. सत्तरीत जमिनीच्या मालकीचा घोळ किती जुना आहे हे इथल्यांना सांगायला नको. उताऱ्यावर नाव कुणाचं आहे ते आधी बघा.

विरळणीचा माझा पहिला अर्ज चार महिने एका टेबलावर पडून होता, कारण सोबत नकाशा जोडला नव्हता आणि तो लागतो हे कुणी सांगितलं नव्हतं. तुम्ही वर काढलेला हातनकाशा पहिल्याच दिवशी जोडा.

पाणी थांबवायचं, पण सगळीकडे नाही

या बाबतीत पाऊस कमी असलेल्या मुलखातले धडे इथे जसेच्या तसे आणू नका. मराठवाडा-पश्चिम विदर्भात सलग समतल चर खणतात ते बरोबरच आहे, तिथे वर्षाला ७००-८०० मिलिमीटर पडतो. वाळपईत त्याच्या चौपट-पाचपट पडतो. तीव्र उतारावर लांबच लांब चर खणलात तर जुलैमध्ये तो तुडुंब भरतो, पाणी मातीत मुरत राहतं आणि वजनाने अख्खा पट्टा खाली सरकू शकतो. २३ जुलै २०२१ च्या पुरात सत्तरीच्या डोंगरांवर दरडींचे तांबडे ओरखडे उमटले होते. ते ज्यांनी पाहिले त्यांना जास्त सांगायला नको. म्हणून हात टेकावा लागतो त्या उतारावर खोदकाम नाही. तिथे फक्त झाडी राखायची.

मध्यम उतारावर प्रत्येक काजूला चंद्रकोर बांध करा. खोडापासून साधारण दोन मीटरवर, वरच्या अंगाची माती कापून खालच्या अंगाला अर्धगोल बांध घालायचा, आतली जमीन किंचित डोंगराकडे झुकलेली. बांधाच्या एका टोकाला वीतभर खाच ठेवा, जास्तीचं पाणी तिथून जाईल. खाच नसली तर बांध पहिल्याच झडीत फुटतो आणि खालच्या चार झाडांचे बांध घेऊन जातो. एकदा बघितलंय.

चर हवेच असतील तर तुटक, दोन-तीन मीटरचे, एकाखाली एक न येता विटांच्या बांधणीसारखे. पातळी काढायला यंत्र नको. दोन बांबू इंग्रजी ए सारखे बांधायचे, मध्ये आडवी काठी, शेंड्यावरून दगड लटकवलेली सुतळी. सुतळी काठीच्या मध्यखुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीत. पोरांना हे काम फार आवडतं, त्यांच्याकडूनच करून घ्या.

हे सगळं मेच्या पहिल्या पंधरवड्यात आटपा. शेवटच्या आठवड्यातल्या वळिवाने मोकळी माती वाहून जाते.

विरळणी आणि धुमारे

४३० वरून एकदम २०४ वर उडी मारू नका. अचानक उघडं पडलेलं काजूचं खोड उन्हाने तडकतं, आणि आतापर्यंत एकमेकांच्या आधाराने उभी असलेली झाडं वाऱ्याला एकटी सापडतात. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं तेव्हा हे सगळ्यांनी पाहिलं. तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने करा, आणि पश्चिमेकडच्या काठाची रांग शेवटपर्यंत राखा.

पहिल्या वर्षी कोणती झाडं जावीत, याचा निवाडा रोठा, म्हणजे खोड पोखरणारी भुंग्याची अळी, करून देतो. खोडाच्या बुंध्याशी, मातीला लागून, बारीक भोकं, त्यातून डिंक आणि चघळून टाकल्यासारखा भुसा दिसला की आत अळी आहे. सुरुवातीला पटाशीने साल उचकटून अळ्या काढता येतात. मग जखम साफ करून कृषी खात्याच्या शिफारशीचं औषध लावायचं. पण बुंध्याची साल निम्म्याहून जास्त पोखरली असेल आणि पानं पिवळी पडली असतील, तर त्या झाडावर दया दाखवणं म्हणजे शेजारच्या दहा झाडांवर अन्याय. परवानगी घेऊन ते मुळासकट काढा आणि आतल्या अळ्या-कोष मारा. ओंडका बागेत रचून ठेवलात तर भुंगे तिथूनच बाहेर पडतात. २०१८ च्या दुष्काळानंतर मध्य युरोपातली स्प्रूसची जंगलं साल पोखरणाऱ्या भुंग्यांनी उभीच्या उभी सुकवली, तिथेही आधी पाण्यावाचून झाड खंगलं आणि मग भुंगे आले. पाण्याचं काम विरळणीच्या आधी सांगितलं, त्याचं हेही एक कारण.

जागा मोकळी झाली की लगेच रोपवाटिकेकडे धावू नका. आधी जमिनीत काय आहे ते बघा. किंदळ, ऐन, जांभा यांची जुनी खोडं दरवर्षी कोयत्याखाली जातात आणि दरवर्षी पुन्हा फुटतात. अशा एका बुडख्याला कधी कधी पंधरा-वीस धुमारे असतात. त्यातले दोन सरळ, जमिनीलगत फुटलेले ठेवायचे, बाकीचे तिरपा काप देऊन काढायचे, म्हणजे पाणी साचून बुडखा कुजत नाही. या धुमाऱ्यांखाली वर्षानुवर्षांची मुळं तयार आहेत. जूनमध्ये लावलेलं पिशवीतलं रोप त्यांची बरोबरी करू शकत नाही.

काय लावावं

माथ्यावर ऐन आणि कुंभा. ऐन आपल्या राज्याचा वृक्ष, मत्ती किंवा माड्डत म्हणा. त्याची मगरीच्या पाठीसारखी चिरलेली जाड साल आगीत आतल्या जिवाला सांभाळते. कुंभ्याचंही तसंच, जळून काळा झालेला कुंभा पाऊस पडायच्या आधीच पालवतो. मधल्या उतारावर काजूच्या ओळींत नाणा, किंदळ, आवळा, फणस. घळीत आणि व्हाळाच्या (ओढ्याच्या) काठी भिरंड (कोकम), जांभूळ, उंबर, तिरफळ. घळीचा हा हिरवा पट्टा म्हणजे फुकटची जाळरेषा, आग अडवणारी मोकळी पट्टी, मार्चमध्येही तिथली जमीन ओलसर आणि पाला मऊ राहतो. तो पट्टा काजूसाठी साफ करणं ही आमच्या घराण्याची सगळ्यात महागडी चूक. झर तेव्हापासून शिमग्यालाच आटायला लागली.

भिरंडीचं बी लावलंत तर नर-मादी कळायला वर्षं जातात, निम्मी झाडं नर निघू शकतात. म्हणून कलमं घ्या, थोडी बियांची मिसळा. फणस, जांभूळ, भिरंड यांचं बी सुकवून ठेवलं की मरतं. फळ खाल्लं की आठवड्याच्या आत पिशवीत. आणि बी एकाच झाडाखालून गोळा करू नका. निरनिराळ्या डोंगरांवरची झाडं धुंडाळा, त्यातही आगीतून किंवा उघड्या कातळाच्या काठी तगलेली. गावच्या देवराईच्या बाहेर पडलेलं बी सोनं आहे, पण तिथलं उचलण्याआधी गावकरांना विचारा. रायीतली काडी न विचारता आणायची नसते, हा नियम कुठल्याही कायद्यापेक्षा जुना आहे आणि चांगला चालला आहे.

अकेशियाची फुकट रोपं कुणी देऊ केली तर नम्रपणे नाही म्हणा. वाढतं झपाट्याने, वादळात मोडतंही तसंच, आणि खाली दुसरं फारसं काही उगवू देत नाही.

लावणी पावसाने बस्तान बसवल्यावर, जूनच्या मध्यानंतर. खड्डे मात्र मेमध्येच काढून उन्हात तापू द्या. पहिल्या दोन उन्हाळ्यांत रोपाच्या नैर्ऋत्येला दोन पाल्याच्या फांद्या रोवून आडोसा करा. दुपारचं तीनचं ऊन कलमाला मारतं, सकाळचं नाही.

आग: ऑक्टोबरपासूनची तयारी

आगीचं काम बहुतेक जण जानेवारीच्या शेवटी सुरू करतात आणि तेव्हा उशीर झालेला असतो. ऑक्टोबरमध्ये माती ओली असते, रानमोडी मुळासकट उपटून येते. डिसेंबरनंतर ती फक्त तुटते, आणि फुलून बी उडालं की पुढच्या वर्षी दुप्पट. दसरा-दिवाळीच्या मधले पंधरा दिवस हे एकच काम करा.

डिसेंबरमध्ये जाळरेषा. हद्दीवर, पायवाटेच्या वरच्या अंगाला आणि माथ्याच्या धारेवर, चार-पाच मीटर रुंद. गवत-झुडूप कापून पाला दाताळ्याने ओढून माती दिसेपर्यंत साफ करायचं. मोठी झाडं ठेवायची, फक्त जमिनीला टेकलेल्या फांद्या आणि वेली छातीइतक्या उंचीपर्यंत काढायच्या. आग त्यांच्यावरूनच शेंड्याला चढते. आणि हे विसरू नका: किंदळ-ऐन-नाण्याची पानगळ यानंतर होते. डिसेंबरात केलेली रेषा फेब्रुवारीच्या मध्याला पाल्याने पुन्हा भरलेली असते. दुसऱ्यांदा दाताळं फिरवलं नाही तर पहिली मेहनत वाया. २०२३ ला आमच्या वरच्या डोंगरावर नेमकं हेच झालं. रेषा होती, पाल्याखाली.

गोळा केलेला पाला जाळायचा नाही. खाली कुळागर असेल तर पोफळीच्या बुडाशी त्याहून चांगलं आच्छादन नाही. नसेल तर तुटक चरांत भरून वर माती टाका.

जाळायचा का नाही, ते अनुभवाने सांगतो. एका जानेवारीत काकांनी आणि मी संध्याकाळी, वारा पडल्यावर, तीन ढीग पेटवले. कळशीभर पाणी ओतून विझवले, हात फिरवून बघितला आणि जेवायला आलो. एका ढिगाखाली जुन्या काजूचा बुडखा होता. त्याचं मूळ जमिनीखाली रात्रभर धुमसत राहिलं आणि दुसऱ्या दिवशी साडेबाराला वारा उठल्यावर सात-आठ हातांवर जाळ वर आला. चाळीस कलमं गेली. काका नंतर महिनाभर त्या बाजूला फिरकले नाहीत.

आता साफसफाईबद्दल. बी दिसायला हवं म्हणून अख्खा डोंगर चकचकीत करण्याची आपल्याकडे रीत आहे. अख्खा करू नका. झाडाच्या छत्राखाली दोन-तीन मीटर साफ ठेवा, बी तिथेच पडतं. दोन ओळींच्या मधे उताराला आडवा एक पट्टा मात्र राखा. तिथली रानमोडी काढा, पण करवंद, चुरण आणि उगवती रोपं राहू द्या. माझ्या वर्तुळांतलं शून्य गेलं ते याच पट्ट्यांमुळे. चौथ्या वर्षी त्याच दहा वर्तुळांत २६ रोपं मिळाली, त्यातली बरीच पक्ष्यांनी टाकलेल्या जांभळाची.

डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहाने टिपलेल्या आगीचा संदेश नोंदणी केलेल्या कुणालाही फोनवर पाठवते. नोंदणी करून ठेवा. पण उपग्रह ठरावीक वेळीच वरून जातो, तेव्हा गावातल्या ग्रुपवर धुराचा फोटो बऱ्याचदा आधी येतो. बीटच्या वनरक्षकाचा नंबर दारावर खडूने लिहा, ११२ पाठ असू द्या.

आग लागलीच तर

आग चढणीला धावते. उतार साधारण दहा अंशांनी वाढला की तिचा वेग दुप्पट होतो, असा अग्निशमनातला ढोबळ हिशेब आहे. म्हणून जाळाच्या वर कधीही उभं राहायचं नाही, घळीच्या तोंडाशी तर नाहीच. बाजूने, जळून गेलेल्या काळ्या भागात पाय ठेवून, कुंभ्याच्या किंवा किंदळीच्या ओल्या डहाळ्यांनी जाळ दाबत पुढे सरकायचं. फटकारे मारू नका, ठिणग्या उडतात. सुती, पूर्ण बाह्यांचे कपडे. नायलॉनचा टी-शर्ट अंगाला चिकटतो. भर दुपारी जाळ कमरेच्या वर असेल तर मागे फिरा, सूर्य कलला की तोच जाळ गुडघ्यावर येतो. समोरून उलटी आग लावायचा धीटपणा शिकलेल्या माणसांवर सोडा.

विझल्यावर चोवीस तास पहारा. बुडख्यांशेजारी हाताची पाठ जमिनीजवळ धरून ऊब तपासा. तळव्यापेक्षा पाठीला ती लवकर कळते.

आणि जळालेला डोंगर लगेच तोडायला घेऊ नका. एक पावसाळा थांबा. मेलेली वाटलेली निम्मी झाडं खालून फुटतात. तोपर्यंत जळक्या फांद्या उताराला आडव्या टाकून खुंट्या ठोका, जूनच्या पहिल्या पावसात राख आणि माती तिथे अडकते.

रानात जाणाऱ्यांसाठी

२०१६ च्या सुमारास सत्तरीत गोचिडींतून पसरणाऱ्या माकडतापाने माणसं गेली, आणि त्यात काजूला जाणारीही होती. नोव्हेंबर ते मे हा गोचिडींचा काळ. पाय झाकलेले, अंगाला गोचीड टाळणारं तेल, पाल्यावर बसायचं नाही, घरी येताच गरम पाण्याने आंघोळ आणि कपडे उकळत्या पाण्यात. रानात मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवा. ताप आला तर डॉक्टरला आधी सांगा की आपण काजूला जातो.

वही

पाऊस घरीच मोजता येतो. सरळ भिंतींचा डबा उघड्यावर, सकाळी साडेआठला पट्टी बुडवायची. दिवसाला २०४ मिलिमीटरच्या वर गेला तर हवामान खात्याच्या भाषेत तो अत्यंत मुसळधार पावसाचा दिवस. त्यानंतर तीव्र उताराखाली काम थांबवा आणि उघाड मिळाली की लांबून बघा: माथ्यावर नवी भेग, वाकलेली झाडं, गढूळ झालेली झर. यातलं एकही दिसलं तर खालच्या घरांना सांगायला उशीर करू नका.

बाकी नोंदी थोड्याच. काजूचा पहिला मोहोर, ढेकण्या (मोहोराचा रस शोषणारा किडा) कधी दिसला, मोहोरावर पडलेला अवेळी पाऊस, झर आटल्याची तारीख. आमच्या वहीत झरीचा रकाना घळीत भिरंड लावल्यापासूनचा आहे. पहिल्या वर्षी १२ मार्च, दुसऱ्या वर्षी ९ मार्च, तिसऱ्या वर्षी २१ मार्च. यंदा ४ एप्रिलला अजून बोटभर धार होती. बाबा रोज संध्याकाळी तांब्या घेऊन बघायला जातात आणि तारीख मला लिहू देत नाहीत, म्हणतात, अजून आटली नाही.